मुलांना घेऊन कॅम्परव्हॅनने कोकण किनारा: दिवेआगर ते मालगुंड, भरतीच्या हिशेबाने

दोन ते आठ वर्षांची मुलं बरोबर घेऊन कॅम्परव्हॅनने, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, कोकणात जायचं, तर आधी दिनदर्शिका उघडा, नकाशा नंतर. या किनाऱ्यावर दिवसाचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. गाडी फेरीबोटीत सुखरूप चढेल का, मुलांना संध्याकाळी खेळायला कोरडी वाळू मिळेल का, हरिहरेश्वरच्या खडकांवर उतरायचं का, हे सगळं भरती-ओहोटीवर आहे. आमच्या अनुभवात या सहली फसतात त्या बहुतेक दोन कारणांनी. एकतर रोज नवा मुक्काम ठेवलेला असतो, नाहीतर तारखा फक्त सुट्टी पाहून ठरवलेल्या असतात.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. ऑक्टोबरात उकाडा असतो. मार्चनंतर बंद गाडीत दुपार काढणं मुलांना सोसत नाही. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत कित्येक गावांत पाण्याची टंचाई असते, अशा वेळी कुणाच्या दारात १०० लिटरची टाकी भरून मागणं बरं नव्हे. जून ते सप्टेंबर हा बेत विसरा. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडाही टाळा, कारण तेव्हा जेटीवर गाड्यांच्या लांब रांगा लागतात आणि उन्हात उभ्या गाडीत मुलं रडकुंडीला येतात.

तिथी पाहून तारखा

किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसात दोन भरत्या, म्हणून ही वेळ सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे धरायची. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून पाहा. बेत आखायला मात्र एवढं पुरतं.

मुलांसाठी सोयीच्या तिथी म्हणजे दशमी ते द्वितीया. या दिवसांत भरती सकाळी ते दुपारच्या सुमारास येते, तेव्हा जेटीवर पाणी भरपूर असतं आणि गाडी चढवणं सोपं जातं. दुपारनंतर पाणी मागे सरतं आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, लांबरुंद मोकळी होते. सप्तमी-अष्टमीला याच्या नेमकं उलटं होतं. सकाळी अकरा-बाराला जेटीचा उतार उघडा पडलेला आणि संध्याकाळी सहाला लाटा सुरूच्या बनाला टेकलेल्या, म्हणजे मुलांनी खेळायचं कुठे?

यातली सावधगिरीची बाजूही सांगायला हवी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी दूरवर जातं तसं झपाट्याने परतही येतं आणि खाडीच्या मुखाशी ओढ जबरदस्त असते. म्हणून ओहोटीची संध्याकाळ वाळूत खेळायची, पोहायची नाही.

गाडी: भाड्याने घेताना काय बघायचं

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर भाड्याच्या गाड्या वाढल्या. बहुतेक फोर्स ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनवर बांधलेल्या असतात. काही चालकासह मिळतात, काही स्वतः चालवायला. स्वतः चालवायची असेल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, कारण अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडतो. चालकासह घेत असाल तर त्याची झोपायची आणि जेवायची सोय कोण करणार, हे आधीच ठरवा. आई-वडील, दोन मुलं आणि चालक एका गाडीत रात्र काढू शकत नाहीत.

मुलांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी बाब आसनांची. कॅम्परव्हॅनमध्ये बाजूला तोंड करून बसायचा सोफा असतो, तो फक्त गाडी उभी असताना वापरायचा. चालत्या गाडीत प्रत्येक मुलाला पुढे तोंड असलेलं, तीन टोकांच्या पट्ट्याचं आसन हवं आणि त्यावर वयाप्रमाणे बालआसन. सव्वा-दीड वर्षापर्यंतचं बाळ मागे तोंड करूनच बसवा. असं आसन गाडीत आहे का, याचा पट्ट्यासकट फोटो मागवा. नुसतं 'सीटबेल्ट आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, कारण मागच्या आसनांना बऱ्याचदा फक्त कमरेचा पट्टा असतो आणि त्यावर कित्येक बालआसनं नीट घट्ट बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १००० रुपये दंड आहे. दंड राहू द्या, पण चालत्या गाडीत पलंगावर झोपवलेलं मूल जोरात ब्रेक लागला की थेट पुढच्या आसनावर आदळतं. झोपेची वेळ झाली तर त्याला बालआसनातच झोपू द्या.

गाडीची उंची टेपने मोजून घ्या आणि फूट-इंचात लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. छतावर एसी, पंख्याचं झाकण किंवा सौर पॅनेल असलं की मूळ गाडीपेक्षा फूटभर उंची सहज वाढते. कोकणातल्या वाड्यांमधून जाणारे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं), वर लोंबणाऱ्या केबल आणि आडव्या आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या. कमानी असतात त्या वेगळ्याच. रुंदी मोजताना दोन्ही आरसे उघडे धरून मोजा.

गाडी ताब्यात घेताना किमान दीड तास द्या आणि देणाऱ्यासमोर पुढच्या गोष्टी स्वतः करून पाहा:

- पाण्याचा पंप सुरू करून नळ बंद ठेवा. पंप थोड्या थोड्या वेळाने आपोआप घुरघुरत असेल तर कुठेतरी गळती आहे.
- फ्रिज बॅटरीवर दोन तास आधीपासून चालू ठेवायला सांगा आणि हात घालून थंडावा बघा.
- संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी सुटी टाकी, बाहेर काढून परत बसवा. झाकणाच्या रबराला भेगा असतील तर बदलून मागा.
- सुटं चाक, जॅक, पाना आणि चाकाखाली घालायच्या पाचरी जागेवर आहेत का?
- खिडक्यांची जाळी फाटलेली आहे का? इथे एक भोक म्हणजे रात्रभर डास.
- अग्निशामक नळकांड्याची मुदत आणि ते चालकाच्या हाताशी आहे का?

वीज: एसीचा हिशेब आधी करा

बॅटरीवर एसी रात्रभर चालतो असं सांगितलं जातं, तेव्हा आकडे मांडून पाहा. २०० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण २५०० वॅट-तास. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाच्या दिवसात ५०० ते ६००, २५ वॅटचा पंखा दहा तासांत २५०, आणि दिवे, पंप, मोबाइल मिळून सुमारे १५०. रोजचा खर्च झाला १००० च्या आसपास, म्हणजे बॅटरी दोन दिवस आरामात पुरते. एक टनाचा एसी मात्र तासाला १००० वॅट-तास खातो. दोन-अडीच तासांत बॅटरी रिकामी आणि पहाटे फ्रिजमधलं दूध नासलेलं. एसी लागणारच असेल तर जिथे विजेची जोडणी मिळते तिथेच मुक्काम करा. डिसेंबर-जानेवारीत मात्र किनाऱ्यावरच्या रात्री गार असतात, जाळीच्या खिडक्या आणि पंखा पुरतो.

घरगुती जोडणी घेताना १६ अँपिअरचा सॉकेट मागा. मोबाइलचा छोटा प्लग चालणार नाही. वायर तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटर जाडीची, २० मीटर लांब असावी आणि रिळावरून पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळलेल्या वायरीतून एसी चालवला की ती आतल्या आत तापून वितळते. सॉकेटमध्ये घालून अर्थिंग तपासायचं तीन दिव्यांचं टेस्टर स्वस्तात मिळतं, ते नक्की जवळ ठेवा. जुन्या घरांत पडवीतल्या सॉकेटला अर्थिंग नसणं नवल नाही, आणि गाडीचा पत्रा ओल्या पायांनी धरणारी मुलं तुमच्याबरोबर आहेत. टेस्टरने अर्थिंग नाही असं दाखवलं तर ती जोडणी घेऊ नका. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडून एसीचा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरत असेल तर तो लगेच बंद करा आणि दहानंतर पुन्हा लावून पाहा.

पाणी आणि संडास

चार माणसांना गाडीतच आंघोळी केल्या तर १०० लिटर एका दिवसात संपतात. आंघोळ मुक्कामाच्या घरी आणि गाडीत फक्त हात-तोंड, भांडी, शौच असं ठेवलं तर तेवढंच पाणी दोन-अडीच दिवस जातं. पिण्याचं पाणी टाकीत भरू नका, त्यासाठी २० लिटरचा वेगळा जार ठेवा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ असू शकतं, म्हणून टाकी भरण्याआधी घोटभर चाखून पाहा. मचूळ पाण्याने पंप आणि नळांवर खार धरतो.

कॅसेट संडास साधारण १८ ते २० लिटरचा असतो. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं असतील तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो भरतो. भरल्याचा दिवा लागायची वाट पाहू नका, वळणावळणाच्या रस्त्यावर काठोकाठ भरलेली कॅसेट झाकणातून झिरपते. ती रिकामी करायची फक्त सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात, यजमानांना विचारून, एकेक बादली पाण्याबरोबर हळूहळू. फॉर्मल्डिहाइडची निळी रसायनं वापरू नका, ती सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतात. जैविक पावडर किंवा एन्झाइमवाली वापरा.

आणि हे मनापासून सांगणं: कॅसेट खाडीत, रानात, शोषखड्ड्यात कुठेही ओतू नका. कोकणाची जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र असतो, वर ओतलेलं पाणी झिरपत शेजारच्या विहिरीत पोचतं. त्या विहिरीचं पाणी तिथली माणसं पितात. भांड्यांचं सांडपाणी त्या मानाने निरुपद्रवी, पण तेही विहिरीपासून लांब आणि विचारूनच. बरेच आगरवाले ते माडाच्या आळ्यात सोडायला सांगतात. तसं असेल तर साबण बेताचा वापरा आणि ब्लीच अजिबात नको.

गॅस घरगुतीच असतो, पाच किलोचा सिलिंडर दहा दिवसांच्या सहलीला पुरून उरतो. गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद, हा नियम एका ठरलेल्या माणसाकडे द्या. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो, नेमका जिथे मुलं बसून खेळतात तिथे. सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोक आहे ना, आणि ते चिखलाने बुजलेलं नाही ना, हे बघा. नळीवरची तारीख वाचा, पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदलून मागा.

मुक्काम: पुळणीवर नको, अंगणात

रात्री थेट वाळूवर गाडी लावून झोपायची कल्पना मोहात पाडते, पण मुलांबरोबर ती सोडून द्या. वाळूत चाक रुततं आणि उधाणाची भरती रात्री येते. गावकऱ्यांनाही ते आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. माडाखालीही गाडी लावू नका. नारळ पडला तर काच जाते, मोठी झावळी पडली तर छतावरचं पॅनेल जातं.

सोपा मार्ग म्हणजे घरगुती निवास देणाऱ्यांकडे एक खोली घ्यायची आणि गाडी त्यांच्या खळ्यात किंवा अंगणात लावायची. खोलीमुळे न्हाणीघर मिळतं, कपडे वाळवायला दोरी मिळते आणि एखाद्या मुलाला ताप आला तर आडवं व्हायला जागा असते. शिवाय यजमानांना त्यांचं उत्पन्न मिळतं, तुम्ही फुकट जागा अडवत नाही. फोनवर असं विचारा: "काकू, दहा फूट उंचीची व्हॅन आहे, फाटकातून आत येईल का? वर वायर किंवा फांदी आहे का? जमीन चिऱ्याची आहे की वाळूची? सोळा अँपिअरचा प्लग बाहेर आहे का? संडासाला सेप्टिक टँक आहे ना?" पाच प्रश्न, दोन मिनिटं. फाटकाचा आणि गल्लीचा फोटो मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. रात्रीचं जेवण दुपारी चारच्या आत सांगून ठेवा. मुलांसाठी कमी तिखट, मऊभात आणि वरण असं स्पष्ट बोला, नाहीतर मालवणी मसाल्याची आमटी पानात येते आणि पोरं उपाशी झोपतात. हरिहरेश्वर, वेळणेश्वर आणि गणपतीपुळ्याला पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत. तिथे गाडी आत घेतात का, हे आधी विचारून घ्या.

वाट: आठ मुक्काम, चार गावं

रोज नवं गाव नको. प्रत्येक ठिकाणी दोन रात्री. लहान मुलाला जागा ओळखीची व्हायला पहिली रात्र जाते आणि दुसऱ्या दिवशी ते खऱ्या अर्थाने खेळतं. किनारपट्टीच्या रस्त्यावर ताशी २०-२५ किलोमीटर धरा, आणि एका दिवसात ६० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. फक्त पहिला आणि शेवटचा दिवस याला अपवाद.

दशमीला दिवेआगर. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत साधारण १६० किलोमीटर. ताम्हिणीच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. बांधकामाचं आणि पाण्याचं वजन घेतलेली व्हॅन नुसत्या ब्रेकवर उतरवली की ब्रेक तापून ढिले पडतात, जळका वास आला तर रुंद जागा बघून वीस मिनिटं थांबा. घाट असलेल्या दिवशी पाण्याची टाकी पाव भरलेलीच ठेवा, मुक्कामाला पोचून भरा. मुंबईहून येणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) आहे, मार्च २०२० पासून सुरू झालेली. गाडीची लांबी-उंची सांगून आधी जागा राखावी लागते. तिथून रेवदंडा, मुरूड, आगरदांडा आणि मग दिघीची फेरीबोट. एका दिवसात मुलांना हे जास्त होतं, मध्ये काशीद किंवा मुरूडला एक रात्र काढा. दिवेआगरची पुळण सपाट आणि रुंद आहे, छोट्या मुलांना पहिल्या ओळखीसाठी अशी जागा चांगली. दशमी-एकादशीला ओहोटी दुपारी दोनच्या सुमारास असते, म्हणून इथे तीनलाच खाली उतरा, पाच वाजता पाणी वर येऊ लागतं.

द्वादशीला साडेसातला निघा. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. पुढे हरिहरेश्वर, बागमांडला, आणि सावित्रीच्या खाडीतून फेरीबोटीने वेश्वी. हरिहरेश्वरला देवळात जा, प्रदक्षिणेची खडकांवरची वाट मुलांबरोबर टाळा. तिथे लाट अचानक वर येते आणि माणसं ओढली गेली आहेत. मुक्काम केळशी किंवा आंजर्ल्याला. आडे-पाडलेकडचा रस्ता सुरेख पण अरुंद आहे, समोरून एसटी आली की तुम्हालाच मागे यावं लागेल, तेव्हा एका मोठ्या माणसाने उतरून मागचा अंदाज द्यावा. कड्यावरच्या गणपतीला आणि हर्णैला व्हॅन नेऊ नका, गावातली रिक्षा सांगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेश्वीजवळच्या वेळासला किंवा आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात. पहाटे आणि संध्याकाळी सोडतात. दोरीच्या मागे बसायचं, हात लावायचा नाही, मोबाइलचा दिवा बंद, हे मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवा.

चतुर्दशीला दापोलीवरून दाभोळ, वाशिष्ठी ओलांडून धोपावे आणि मग गुहागर. ही फेरी चुकली तर खेड-चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या वर वळसा पडतो, म्हणून आदल्या दिवशी फोन करून फेऱ्या चालू आहेत का ते विचारा. प्रतिपदेला हेदवी करत तवसाळ, तिथून शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड आणि मालगुंड. तृतीयेला गणपतीपुळे, चाफे, निवळीवरून महामार्गाला लागून परत.

फेरीबोटीत गाडी चढवताना

कॅम्परव्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे आलेला असतो आणि बऱ्याचदा त्याच्या खालीच सांडपाण्याची टाकी लटकत असते. ओहोटीला बोट खाली जाते, जेटीचा उतार खडा होतो आणि उतार व बोटीची फळी यांच्या सांध्यात ही टाकी घासते. उताराचा खालचा भाग शेवाळलेला असतो, तिथे मागची चाकं फिरतात. म्हणून भरतीच्या आधी-नंतर दीड तास हीच वेळ धरा.

क्रम असा. रांगेत असतानाच गॅस बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, फ्रिजला पट्टा. चालकाशिवाय सगळे खाली. एक मोठं माणूस दोन्ही मुलांचे हात धरून गाड्यांच्या वाटेबाहेर. पहिला गिअर, मध्ये न थांबता एकाच संथ गतीने वर. सांध्याशी उतार खडा दिसला तर बोटीवरच्या माणसाला सांगा, "दादा, मागे टाकी आहे, खाली लागेल." ते फळकुट टाकतात किंवा तिरकं घ्यायला सांगतात, त्यांचं ऐका. बोटीत हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि मुलांना गाडीबाहेर, सुरक्षा जाकिटं कुठे आहेत ते बघून कठड्यापासून आत उभं करा. बंद गाडीत झोपलेलं मूल ठेवून चहाला जाऊ नका.

वाळूत चाक रुतलं तर

वाळूवर जायचंच नाही, तरी सुरूच्या बनातली वाहनतळाची जागा बऱ्याच ठिकाणी भुसभुशीत असते. चाक फिरू लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. आणखी दाबलं की गाडी ॲक्सलपर्यंत बसते. मुलांना लांब सावलीत बसवा. चाकांसमोरची वाळू हातांनी उकरून उतार करा, टायरमधली हवा नेहमीच्या निम्म्यावर आणा, चाकांखाली सुक्या झावळ्या उलटसुलट घालून आलात त्याच चाकोरीने हळू मागे या. तरीही निघाली नाही तर गावातला ट्रॅक्टर बोलवा, दोरखंड गाडीच्या ठरलेल्या हुकालाच बांधा. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय डांबरावर वेग घेऊ नका. यासाठी १२ व्होल्टचा हवेचा पंप जवळ हवा.

पाण्याशी आणि पाण्याबाहेर

मुलं पाण्यात असतील तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, गुडघाभर पाण्यापर्यंतच, आणि हातात मोबाइल नको. खाडी समुद्राला मिळते तिथे अजिबात नाही. गणपतीपुळ्याला समुद्र एकदम खोल होतो, तिथे देवदर्शन करा आणि वाळूत खेळायला मालगुंडला या. चिकट पांढरा जेलीफिश वाळूवर मेलेला दिसला तरी त्याला हात लावायचा नाही. डंख झालाच तर गोडं पाणी न वापरता समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. पाण्याचा गरमपणा आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर बघायचा.

गडग्यांच्या दगडांत फुरसं (विषारी साप) आणि लाल विंचू असतात. संध्याकाळनंतर मुलांच्या पायात बंद बूट आणि हातात विजेरी. दाराबाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकून घालायचे. लाल विंचवाच्या दंशानंतर मुलाला दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणं अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि वेळेत पोचलेली मुलं वाचतात. साप चावला तर आवळून पट्टी बांधायची नाही, जखम कापायची नाही. तो भाग हलू न देता सरळ रुग्णालय. १०८ क्रमांक आधीच मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर यजमानांना पहिला प्रश्न विचारा: रात्री चालू असणारा दवाखाना कुठला?

गाडी लागणाऱ्या मुलांना निघण्याआधी दूध नको. इडली किंवा पोळीचा तुकडा, आणि अर्ध्या तासाने थांबा. पडदे उघडे, मोबाइल बंद. औषध द्यायचं असेल तर मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे लिहून आणा, आणि ते एकदा घरी असताना देऊन बघा. काही मुलं त्याने पेंगण्याऐवजी उलट चिडचिडी होतात.

परत देण्याआधी

खारं वारं आठ दिवसांत पत्र्याला लागतं. महामार्गाला लागल्यावर पहिल्या धुलाई केंद्रात गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्या, विशेषतः चाकांच्या कमानी आणि पायरीची बिजागरं. सरकत्या दाराच्या खाचेतली वाळू कोरड्या ब्रशने काढा, पाणी मारलं की ती आत गच्च बसते आणि दार अडकतं. कॅसेट शेवटच्या मुक्कामीच रिकामी करून धुवा, टाक्यांचे नळ उघडून पाणी काढून टाका. मग गाडीचे आतले-बाहेरचे फोटो आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो देणाऱ्यासमोर काढा, अनामत रक्कम त्याच दिवशी मोकळी होते.